दुसरी सर्व्हिस आधी शिकवा

इंदुरातच संध्याकाळची बॅच घेणाऱ्या एका तरुण टेनिस प्रशिक्षकाने विचारलं आहे: अकरा ते पंधरा वयाची दहा मुलं आहेत. टोपलीभर बॉल घेऊन सराव करताना त्यांची सर्व्हिस सुरेख पडते, मॅचमध्ये मात्र डबल फॉल्टवर डबल फॉल्ट होतात, म्हणजे एका गुणासाठी मिळणाऱ्या दोन्ही सर्व्हिस चुकतात आणि गुण जातो. दुसरी सर्व्हिस सगळीच मुलं नुसती ढकलतात. त्यातला एक मुलगा तर आता सर्व्ह करायची म्हटली की घाबरतो. तेव्हा आधी तंत्र पक्कं करून डावपेच नंतर शिकवावेत, की दोन्ही एकदम?

दोन्ही एकदम शिकवा, आणि सुरुवात दुसऱ्या सर्व्हिसपासून करा. इंदुरात सव्वीस वर्षं मुलांना टेनिस शिकवल्यावर मी हे सांगतो आहे. पहिली आठ-दहा वर्षं माझा क्रम उलटा होता. पहिली सर्व्हिस जोरात बसली की दुसरी तिच्या मागोमाग येईल, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. मुलाच्या हातात एकच फटका असतो. पहिल्या वेळी तो जोरात मारतो आणि दुसऱ्या वेळी तोच भीत भीत मारतो. ज्याला दुसरी सर्व्हिस येते त्याला मात्र पहिली शिकवायला फार दिवस लागत नाहीत. फिरकी थोडी कमी करायची आणि रॅकेट बॉलच्या थेट मागे आणायची, एवढंच उरतं.

सर्व्हिसला फिरकी का लागते, हे मुलांना डोळ्यांनी दाखवायचं असेल तर वीस मीटर सुतळी आणा. एक टोक समोरच्या सर्व्हिस लाइनवर, म्हणजे सर्व्हिस जिच्या आत पडावी लागते त्या रेषेवर, एका मुलाच्या बुटाखाली दाबून ठेवा, मधे सुतळी जाळ्याच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला टेकवा आणि ताणून आपल्या बेसलाइनपर्यंत, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपर्यंत, आणा. तिथे बांबू उभा करून ती जिथे पोचेल तिथे बांधा. जाळं मधोमध ०.९१४ मीटर उंच, जाळ्यापासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटर आणि बेसलाइन ११.८८५ मीटर. शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी हिशेब केला तर बांबूवर सुतळी २.६१ मीटर उंचीला येते. आता बॅचमधल्या पाच फुटी मुलाला रॅकेट वर ताणून तिच्याखाली उभं करा. रॅकेटचा मध्य सव्वादोन मीटरच्या जरा वर पोचतो. सुतळी आणि रॅकेट यांच्यात दीड वीत जागा रिकामी राहते.

हे दाखवलं की मुलं गप्प होतात. आजवर त्यांना कुणीतरी "उंचावरून खाली मार" असं सांगितलेलं असतं, आणि खाली मारायला वाटच नाही हे समोर दिसत असतं. या उंचीवरून बॉल सरळ रेषेत गेला तर तो जाळ्यात जाणार, नाहीतर लाइनीबाहेर. गुरुत्वाकर्षणाने तो थोडा वाकतो, राहिलेलं काम फिरकीने करायचं असतं. म्हणून आमच्या कोर्टवर "खाली मार" हे शब्द बंद आहेत. वर मारायचं, बॉल खाली आणायचं काम फिरकीचं. मोठ्या पुरुष खेळाडूंचीही गोष्ट फार वेगळी नाही. सहा फुटी माणूस बॉलला २.७ मीटरच्या आसपास गाठतो, म्हणजे सुतळीच्या वर त्याला जेमतेम चार बोटं जागा मिळते.

आता फेक. सर्व्हिस म्हणजे हातात रॅकेट घेऊन केलेली फेक, हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. पण फेकायला शिकवतो कोण? होळकर संघाच्या आणि सी. के. नायडूंच्या या गावात बहुतेक मुलगे क्रिकेट खेळूनच आमच्याकडे येतात. त्यात दोन प्रकार असतात. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे बॉल फेकणारा मुलगा सर्व्हिस लवकर उचलतो, कारण त्याचं कोपर आधी वाकतं, मग वर येतं आणि शेवटी हात सुटतो. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाला मात्र वेळ लागतो. गोलंदाजीत वाकवलेलं कोपर झटक्याने सरळ केलं की नो-बॉल. त्याने हात सरळ फिरवायची सवय वर्षानुवर्षं घोटलेली असते आणि टेनिसमध्ये नेमकं तेच आड येतं. त्याला "तू बोलिंग करतोयस, थ्रो कर" एवढं सांगितलं तरी पुष्कळदा काम होतं. मुलींचं दुखणं वेगळं. त्यांना लहानपणी कुणी फेकायलाच दिलेलं नसतं. गल्लीत भाऊ फेकतो आणि बहीण बॉल आणून देते. म्हणून मुलींच्या बॅचला मी पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटं जुने बॉल फेकायला लावतो: आधी बेसलाइनवरून समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये, मग समोरच्या कुंपणावरून पलीकडे. महिनाभरात त्यांची सर्व्हिस मुलग्यांच्या बरोबरीला येते. त्यांच्या खांद्यात कमी काहीच नसतं.

टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवणं, शिकवायला इंदुरातल्या मुलांना एकच दाखला पुरतो. सराफा बाजारात रात्री दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, ते प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मी विचारतो, दही का सांडत नाही? मुलं लगेच सांगतात, द्रोण फिरत नाही म्हणून. बस, टॉस तसाच. मनगटाचा झटका दिला की बॉल फिरत फिरत मागे जातो. हात खांद्यापासून उचलायचा, बॉल बोटांच्या टोकांवर धरायचा, तळहातात नाही, आणि डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर तो सोडायचा. बॉलवरची अक्षरं वर जाताना वाचता आली पाहिजेत. आणि एक नियम त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका: टॉस वाईट पडला तर बॉल झेलून पुन्हा टाकता येतो, तो फॉल्ट नाही. रॅकेट फिरवली आणि बॉल हुकला तर फॉल्ट. कित्येक मुलं वाकडा टॉस केवळ लाजेने मारतात. आमच्याकडे वाकडा टॉस झेलला की मी मोठ्याने "शाबास" म्हणतो.

ग्रिपवर फार लिहीत नाही. कॉन्टिनेंटल, म्हणजे खिळा ठोकताना हातोडी धरतो तशी. मुलं तवा धरल्यासारखी रॅकेट धरतात, त्याने बॉल आत जातो पण फिरकी जन्मात येत नाही. त्याच तवा ग्रिपमुळे रॅकेट मागे जाताना तिचं तोंड आभाळाकडे होतं, डोक्यावर परात घेतल्यासारखं. "परात उतरव" एवढं म्हटलं की माझ्या मुलांना कळतं. ग्रिप बदलल्यावर पहिले पंधरा दिवस बॉल डावीकडे-उजवीकडे कुठेही जातो आणि पालक विचारायला येतात की बिघडलं कसं. त्यांना आधीच सांगून ठेवा. वयाने लहान आणि नव्याने आलेल्या मुलांना मंद बॉल द्या. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये ते सक्तीचे केले ते उगीच नाही. अकरा वर्षांच्या नवशिक्यालाही २५ टक्के मंद असलेला हिरव्या ठिपक्याचा बॉल काही महिने दिला तर काही बिघडत नाही.

दुसरी सर्व्हिस म्हणजे नेमकं काय, हे मुलांच्या हातात कसं उतरतं ते एका मुलीचं सांगतो. तेरा वर्षांची, सुदामानगरातून सायकलने यायची. जानेवारीतली सकाळ, बोटं गारठलेली. तिची दुसरी सर्व्हिस जाळ्याच्या मधल्या पट्टीवर आदळत होती, एकामागून एक.

"सर, हळू मारली तरी जाळ्यात जाऊन राहिली."

"हळू मारायला कुणी सांगितलं?"

"दुसरी आहे ना सर. आत टाकायची म्हणून."

मी तिला सर्व्हिस लाइनवर नेलं आणि एक गुडघा जमिनीवर टेकवून बसवलं. तिथून सर्व्ह करायची. बसल्यावर जाळं तिच्या डोळ्यांच्या उंचीला आलं, त्यामुळे वर मारण्यावाचून इलाजच राहिला नाही. मी म्हटलं, बॉलच्या पाठीवर घड्याळ आहे असं समज. रॅकेट सातच्या आकड्यावरून एकच्या आकड्याकडे घासत ने, आणि जितक्या जोरात नेता येईल तितक्या जोरात ने. पहिले चार बॉल मागच्या कुंपणावर गेले. पाचवा जाळ्यावरून हातभर उंच गेला, वळला आणि बॉक्समध्ये पडून वर उसळला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला आवाज वेगळा आला होता. ठप्प असा नाही, कापड फाडल्यासारखा. त्या आवाजाच्या मागे लागा. मूल कोर्टच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी ढकललेली सर्व्हिस आणि घासलेली सर्व्हिस कानाने ओळखता येते. पुढच्या तीन आठवड्यांत तिला हळूहळू मागे नेत बेसलाइनवर आणलं आणि मग बेसलाइनच्याही दोन पावलं मागे. जाळ्याच्या वर मीटरभर उंचीला तीच सुतळी बांधली आणि दुसरी सर्व्हिस सुतळीवरून गेलीच पाहिजे, असा नियम केला.

मुलांना पटवायची गोष्ट एकच आहे: दुसऱ्या सर्व्हिसला रॅकेटचा वेग पहिलीइतकाच, जमला तर जास्त. बॉल हळू जातो तो जोराचा बराचसा भाग फिरकीत गेल्यामुळे. घाबरलेलं मूल रॅकेट मंद करतं, त्यामुळे फिरकी कमी होते, आणि सुतळीने दाखवलेल्या अडचणीत ते पुन्हा सापडतं. म्हणजे सावधपणानेच डबल फॉल्ट होतो. कुंपणापलीकडून "आत टाक, नुसती आत टाक" असं ओरडणाऱ्या वडिलांना मी बाजूला घेऊन नम्रपणे एवढंच सांगतो की दादा, तुम्हाला ओरडायचंच असेल तर "वर" म्हणा.

हे सगळं डावपेचाशी कुठे जोडलेलं आहे? थेट गुणांशी. समजा एखाद्या मुलाने सर्व्ह करताना १०० गुण खेळले. पहिली सर्व्हिस ४० वेळा आत पडली आणि त्यातले ६५ टक्के, म्हणजे २६ गुण त्याने घेतले. उरलेल्या ६० वेळा दुसरी मारावी लागली. ती ७० टक्के आत पडली, म्हणजे ४२ वेळा, आणि त्यातले ४५ टक्के, साधारण १९ गुण मिळाले. एकूण ४५. डबल फॉल्ट १८. आता पहिल्या सर्व्हिसला हातही लावू नका. फक्त दुसरी ७० ऐवजी ९० टक्के आत जाऊ द्या: ६०पैकी ५४ आत, २४ गुण, एकूण ५०. हरणारा मुलगा बरोबरीला आला. पहिली सर्व्हिस मंद करून ६० टक्के आत घातली आणि तिच्यावर जिंकण्याचं प्रमाण ५५वर उतरलं, तर बेरीज पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या पुढे जात नाही. हा हिशेब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतो. त्यांना आकडे आवडतात, आणि पहिल्या सर्व्हिसला मोकळेपणाने हात चालवायचा परवाना त्यांना त्यातूनच मिळतो: दुसरीवर विश्वास असेल तर पहिली बिनघोर मारता येते.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द: टोपली. सरावात छान आणि मॅचमध्ये वाईट, याचं मोठं कारण ती टोपलीच आहे. टोपलीतून मूल साठ बॉल एकामागून एक, एकाच जागेवरून, दम न लागता मारतं. तिसऱ्या-चौथ्या बॉलला हात आपोआप दुरुस्त होतो आणि पुढचे पन्नास छान पडतात. मॅचमध्ये ते पहिले तीन बॉलच मिळतात, तेही धावून आल्यावर, बाजू बदलल्यावर आणि मधे वीस-पंचवीस सेकंद गेल्यावर. म्हणून आमच्याकडे तंत्र बदलायचं चाललं असेल तेव्हाच टोपली निघते. एरवी प्रत्येकाला दोन बॉल. पहिली, दुसरी, मग बाजू बदल, मधे बेसलाइनच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यापर्यंत एक धाव. बॉल गोळा करत चालायचं. वीस मिनिटांत मूल वीसच गुणांच्या सर्व्हिस मारतं, पण त्या मॅचसारख्या असतात. शनिवारी सेट खेळवतो त्यातला एक फक्त दुसऱ्या सर्व्हिसवर असतो. एकच बॉल, चुकला की गुण गेला. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, मग तोच सेट मागून घेतात.

टोपलीचा आणखी एक तोटा माझ्या फार उशिरा लक्षात आला. ती नेहमी ड्यूस कोर्टच्या, म्हणजे उजव्या, बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे मुलांच्या सरावातल्या बहुतेक सर्व्हिस उजवीकडूनच होतात. आणि गेमचे निर्णायक गुण कुठे खेळले जातात? ४०-३०, ३०-४०, दोन्ही ॲडव्हांटेज, सगळे ॲड कोर्टात, म्हणजे डावीकडून. ज्या बाजूने मूल सगळ्यात कमी सर्व्ह करतं त्याच बाजूने त्याला बहुतेक वेळा ब्रेक पॉइंट, म्हणजे हरला तर आपल्या सर्व्हिसचा गेम जातो तो गुण, वाचवायचा असतो. टोपली उचलून डावीकडे ठेवा. एवढ्याने महिन्यात फरक दिसेल.

डावपेच शिकवायला मी पहिल्या आठवड्यातच सुरुवात करतो, आणि ती एका प्रश्नाने: "कुठे?" सर्व्ह करण्याआधी मुलाने मोठ्याने सांगायचं: वाइड (बाहेरच्या कडेला), बॉडी (समोरच्याच्या अंगावर) किंवा टी (मधल्या रेषेवर). समोरच्याला ऐकू गेलं तरी चालेल. बॉल तिकडे गेला नाही तरी चालेल. पण हेतूशिवाय टॉस टाकायचा नाही. हेतू असला की चूक मोजता येते. "टी म्हणालो आणि बॉडीवर गेली" हे मूल स्वतः सांगतं आणि पुढच्या वेळी स्वतःच सुधारतं. नुसतं "आत" हे लक्ष्य असलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. दुसऱ्या महिन्यापासून ते माझ्या कानात सांगायचं, मग मनात.

या वयात सगळ्यात उपयोगी जागा कोणती, असं विचाराल तर माझं उत्तर बॉडी. कोपऱ्यांचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे पाय रिटर्नच्या वेळी जड असतात. अंगावर आलेल्या बॉलपासून बाजूला सरकणं त्याला जमत नाही आणि कोपर बरगडीला अडकतं. लाइनीपासून दोन्हीकडे भरपूर जागा राहत असल्याने धोकाही कमी. उजव्या हाताच्या मुलाने ड्यूस कोर्टात टीच्या जरा आत स्लाइस, म्हणजे बाजूने घासून वळवलेली सर्व्हिस, मारली की ती बॅकहँडच्या बाजूने वळत समोरच्याच्या पोटावर येते. हीच त्याची दुसरी सर्व्हिस असू द्या. ॲड कोर्टात समोरच्याच्या डाव्या कमरेवर नेम धरायचा. टी मारताना बॉल जाळ्याच्या सगळ्यात खालच्या भागावरून जातो आणि समोरच्याला तिरका कोन मिळत नाही. पहिल्या सर्व्हिसला, विशेषतः दुहेरीत, तीच जागा धरा, कारण जाळ्याजवळच्या जोडीदाराला रिटर्न मधे अडवायला सोपं जातं. वाइड सर्व्हिस समोरच्याला कोर्टबाहेर ओढते, पण तिचं भाडं द्यावं लागतं. तो तिरकं परतवू शकतो, म्हणून सर्व्ह करणाऱ्याने दुसऱ्या फटक्यासाठी लगेच तयार असलं पाहिजे. आपली मुलं वाइड मारतात आणि बघत उभी राहतात. तेव्हा सरावात सर्व्हिस एकटी ठेवूच नका. सर्व्हिस, मी हाताने टाकलेला एक बॉल, आणि तो मोकळ्या जागेत. तिथपर्यंत एक सर्व्हिस पूर्ण झाली असं धरा. डावखुरं मूल बॅचमध्ये असेल तर त्याला ॲड कोर्टातली वाइड स्लाइस मनसोक्त घोटू द्या. राफाएल नदालने मोठमोठ्यांना त्या एका सर्व्हिसने कुंपणाकडे पळवलं आहे, आणि बहुतेक ब्रेक पॉइंट ॲड कोर्टात येतात हे वर सांगितलंच.

वॉर्मअपच्या पाच मिनिटांत समोरच्याकडे बघायला शिकवा. तो बॅकहँड चुकवून फोरहँडवर पळतो का? दुसऱ्या सर्व्हिसला कुठे उभा राहतो? फार पुढे आला तर अंगावर, फार डावीकडे सरकला तर उजवीकडे. एवढं बघितलं तरी पुष्कळ. अकरा वर्षांच्या मुलाला एका मॅचसाठी एकच योजना द्या. दोन दिल्या की टॉसच्या वेळी तो दोन्हींचा विचार करतो.

शरीराबद्दल मात्र कडक राहा. माझ्या हातून एक चूक झाली आहे ती सांगतो. बारा वर्षांचा एक गुणी मुलगा होता. त्याला किक, म्हणजे टप्पा पडल्यावर उंच उसळणारी सर्व्हिस, लवकर यावी म्हणून मी टॉस डोक्याच्या मागे टाकायला लावला आणि पाठीची कमान करायला लावली. बॉल खांद्यापर्यंत उसळायचा, सगळे थांबून बघायचे. पाच महिन्यांत त्याची कंबर दुखायला लागली. डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितलं आणि तो जवळजवळ अख्खा मोसम घरी बसला. त्याच्या आईने मला काही बोलून दाखवलं नाही, पण तेव्हापासून मी वाढत्या वयात पाठीची कमान करून मारलेली किक शिकवत नाही. वर सांगितलेली सातवरून एककडे जाणारी फिरकी, टॉस डोक्याच्या जरा पुढे, पाठ ताठ. यावर चौदा-पंधरापर्यंत उत्तम भागतं. पूर्ण जोराच्या सर्व्हिस मी बारा-तेराच्या मुलांना दिवसाला साठाच्या वर मारू देत नाही. आणि मूल खांदा किंवा कंबर दुखते म्हणालं तर त्या दिवशी रॅकेट बॅगेत. वाढणारा खेळ आणि वाढणारं हाड यांत हाडाचं आधी ऐकायचं.

आपल्या गावचं ऊन-वारंही शिकवा. कोर्ट उत्तर-दक्षिण आखलेले असतात. डिसेंबर-जानेवारीच्या स्पर्धांत दुपारच्या मॅचमध्ये उत्तरेकडून सर्व्ह करणाऱ्याच्या थेट डोळ्यांत दक्षिणेचा सूर्य येतो. त्याला आयत्या वेळी काही सुचत नाही. म्हणून हिवाळ्यात मी मुद्दाम रविवारी दुपारी बारा वाजता अर्धा तास सर्व्हिस घेतो, टॉस हातभर बाजूला टाकून मारायची सवय व्हावी म्हणून. मे-जूनमध्ये माळव्यातला वारा सुटतो तेव्हा टॉस खुजा ठेवायचा. उंच टॉस वारा घेऊन जातो.

आता तो घाबरणारा मुलगा. त्याचं तंत्र बिघडलं आहे की मन, हे ठरवायची घाई करू नका. बहुतेकदा आधी तंत्रात काहीतरी सैल असतं आणि भीती त्याच्यावर चढून बसते. टेनिसपटू आर्यना सबालेंकाचं उदाहरण त्याला सांगा. २०२२च्या सुरुवातीला ॲडलेडला डबल फॉल्ट इतके झाले की तिला मॅचमध्ये अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून, सर्व्ह करावी लागली, सगळ्या जगासमोर. मग तिने शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेल्या माणसाबरोबर सर्व्हिसचं काम केलं आणि जानेवारी २०२३मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. अंडरआर्म सर्व्हिस नियमात बसते, हेही त्याला माहीत हवं. मायकेल चँगने १९८९च्या फ्रेंच ओपनमध्ये पायात गोळे आलेले असताना इव्हान लेंडलविरुद्ध ती वापरली, आणि सतराव्या वर्षी ती स्पर्धा जिंकली.

त्याला काही दिवस गुण मोजायला लावू नका. डबल फॉल्ट झाला की काय करायचं ते मात्र ठरवून द्या: पाठ फिरवायची, मागच्या कुंपणाला हात लावायचा, परत येऊन बॉल तीनदा टप्पे द्यायचा, श्वास सोडायचा, जागा ठरवायची. प्रत्येक वेळी तेच, डबल फॉल्ट झाला तरी आणि एस, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला न लागलेली सर्व्हिस, पडली तरी. हे करायला वेळ पुरतो. नियमात दोन गुणांमध्ये २५ सेकंद मिळतात आणि घाबरलेलं मूल त्यातली आठही वापरत नाही. तुम्ही स्वतः घड्याळ लावून बघा.

आणि उद्या तो आला की पहिली दहा मिनिटं त्याच्याबरोबर नुसते बॉल फेका, बेसलाइनवरून समोरच्या कुंपणावर, कुणाचा लांब जातो ते बघत. त्याच्या खांद्याचा ताण गेलेला दिसला की गुडघा टेकवून सर्व्हिस लाइनवर बसवा आणि दहाच बॉल घ्या. अकरावा मागितला तर परवा द्या.